हँडब्रेक

शेठच्या जुन्या मारुती ८०० वर मी पोऱ्या होतो. आसनगावहून माहुलीकडं जाताना चढावर गाडी थांबली की शेठ ओरडायचा, "ए, दगड लाव!" लिव्हर १०-१२ दात वर यायची, तरी गाडी मागं घरंगळायची. दुरुस्तीला पैसा लागतो, पोरगं फुकट. म्हंजे हँडब्रेक मीच. मित्रांनो, तुम्ही भाषणात 'व्यवस्था' म्हणता ना, ती मी चाकाखाली वाकून बघितलीय.

आज मी मिस्त्री आहे. परवा तशीच गाडी आली. अगोदर कुणीतरी लिव्हरखालचा नट आवळून ठेवलेला. अशानं काय होणार? केबल धरते मागच्या चाकांचे लायनर. ड्रम उघडला, तर व्हील सिलिंडर गळका, लायनर ब्रेक ऑइलनं चिंब. नट कितीही पिळा, पकड येणार कुठून? सिलिंडर बदलला, दोन्ही बाजूंचे लायनर नवे टाकले, मग केबल. लिव्हर खाली असताना चाकं मोकळी फिरतात का, तेही पाहिलं. नाहीतर ड्रम तापतो.

चढावर नेली. पाचव्या दाताला गच्च उभी.

मालकाचा पोऱ्या दगड घेऊन मागं उभाच. मी म्हटलं, "टाक तो, बाळा."

त्यानं आधी मालकाकडं बघितलं.