काचेवरची खतावणी

खाऱ्या पाण्याची छोटी मत्स्यपेटी घरात आली की पहिले काही दिवस सारे घर तिच्याकडे कौतुकाने पाहते. पुढे पांढऱ्या वाळूवर तपकिरी भुकटी दिसू लागते. मग काचेवर हिरवी झाक चढते, दगडांवर केसांसारखे तंतू वाढतात आणि कधी वाळूवर लालसर, बुळबुळीत पापुद्रा पसरतो. पाहुण्यांना माशांच्या आधी शेवाळ दिसते. कौतुकाची जागा संकोच घेतो आणि घरातील कर्ता माणूस दुकानदाराला विचारतो, "यावर औषध काय?"

प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु तो हिशेबाच्या शेवटच्या ओळीपासून सुरू होतो. शेवाळ म्हणजे पेटीची उघड्यावर मांडलेली खतावणी होय. पाण्यात जे पोषण शिरते आणि बाहेर पडत नाही, त्याची शिल्लक काचेवर हिरव्या अक्षरांत लिहिली जाते. अक्षरे खोडल्याने देणे फिटत नाही, हे व्यापारी घराला वेगळे सांगावे लागू नये.

प्रत्येक रंगाची नोंद मात्र वेगळी वाचावी लागते. नव्या पेटीतील तपकिरी भुकटी बहुधा डायाटम या सूक्ष्म शेवाळाची असते. पाण्यातील सिलिका त्याला लागते आणि ती संपत आली की काही आठवड्यांत ते आपोआप ओसरते. लाल पापुद्रा हे खरे शेवाळ नसतेच. सायनोबॅक्टेरिया नावाचे, उन्हावर अन्न तयार करणारे ते जीवाणू असतात. हिरवे तंतू मात्र नायट्रेट, फॉस्फेट आणि प्रकाश या तिन्हींवर पोसतात. बहुतेक घरांची तक्रार असते ती यांचीच.

लहान पेटीत हा हिशेब फार लवकर बिघडतो. ६० लिटरची पेटी घेऊ. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का फॉस्फरस धरला, तर एक ग्रॅम जादा खाद्यातून १० मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट पाण्यात उतरते. ६० लिटरमध्ये ते लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम होते. जाणकार लोक हे प्रमाण लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याखाली ठेवू पाहतात. समुद्रात जी चिमूट कुणाच्या लक्षातही आली नसती, ती येथे पाचपट कर्ज होऊन बसते.

पुण्यातील कापडाच्या व्यापारातील एका कुटुंबाने हे सारे अनुभवले. मुलाच्या हट्टाखातर पेटी आली. तिच्यात पैदास केंद्रात वाढवलेले दोन क्लाउनफिश, चार गोगलगायी आणि कोरडे दगड होते. प्रवाळ नव्हते आणि ते योग्यच होते. २००१ पासून आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. दोन महिन्यांत दगड हिरवे झाले. वडिलांनी एक बाटली आणली आणि सांगितलेल्या मापाने औषध पाण्यात ओतले.

शेवाळ खरोखरच मेले. पांढरे पडून ते दगडांवरून सुटले आणि तेथेच कुजू लागले. कुजण्याला प्राणवायू लागतो. तो पाण्यातूनच घेतला गेला. औषधात तांबे होते आणि तांबे गोगलगायींना फार थोड्या प्रमाणातही सोसत नाही. चारही गोगलगायी गेल्या. एक मासा रात्रभर पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत राहिला आणि पहाटे तळाशी पडलेला आढळला. मुलगा त्या दिवशी शाळेत गेला नाही. आजी एवढेच म्हणाल्या, "सांभाळ होत नव्हता, तर जीव आणायचाच नव्हता." वडिलांनी पेटी काढून टाकण्याचे ठरवले. उरलेल्या माशाचे काय करायचे, याला मात्र कुणाकडे उत्तर नव्हते.

आयुष्यभर पेढीवर बसलेले आजोबा तेव्हा म्हणाले, "पेढी बंद करण्याआधी वही तरी बघू." त्यांनी नातवाला एक कोरी वही दिली आणि आठ दिवस फक्त लिहायला सांगितले: पेटीत कोण काय घालतो, दिवा किती वेळ असतो, पाणी कोठून येते, बाहेर काय जाते. आठव्या दिवशी वहीने सर्व सांगितले. सकाळी पूजेनंतर आजी खाद्य घालत, दुपारी मुलगा घाली आणि रात्री दुकान बंद करून आल्यावर वडीलही दोन चिमटी टाकत. माशाला तिघांचे प्रेम मिळत होते आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दिवाणखान्याच्या शोभेसाठी दिवा चौदा तास जळत होता. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी बोअरचे पाणी पडत होते. जावकेच्या बाजूला पान जवळपास कोरे होते.

मग दुरुस्ती सुरू झाली. खाद्य एकाच हाताने, मासा दोन मिनिटांत संपवील एवढेच. दिव्याला वेळयंत्र लावून आठ तास. पाणी आर.ओ.चे आणि त्यातील उरलेले क्षारही काढून घेणाऱ्या रेझिनमधून गाळलेले. बाष्पीभवनात पाणी जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. दर आठवड्याला सहा लिटर पाणी मात्र लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घालून बदलायचे. पाण्यातील तांबे शोषून घेण्यासाठी गाळणीत कोळसा ठेवला आणि तपासणीत तांबे उरले नाही असे दिसेपर्यंत नव्या गोगलगायी आणल्या नाहीत. शेवाळ हाताने उपटायचे आणि सुटलेले तुकडे नळीने ओढून बाहेर टाकायचे. कारण पाण्यातच राहिलेला तुकडा कुजून पुन्हा पोषणच होतो.

मध्येच मुलगा आनंदाने तपासणीची नळी घेऊन आला. फॉस्फेट शून्य दिसत होते. आजोबांनी विचारले, "मग दगड हिरवे कसे?" फॉस्फेट संपले नव्हते, शेवाळाने ते आपल्या अंगात साठवले होते. गल्ला रिकामा दिसला म्हणून धंद्यात भांडवल नाही असे होत नाही. ते गोदामातल्या मालात अडकलेले असते. नुसत्या तपासणीवर विसंबणारे कित्येक जण येथेच फसतात.

गोगलगायींविषयीही असाच गैरसमज असतो. त्या शेवाळ खातात, परंतु खाल्लेल्याचा मोठा भाग विष्ठेच्या रूपाने पाण्यातच परततो. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात रक्कम वळती व्हावी, तसे ते आहे. तरीही त्यांचे मोल कमी नाही. १९८३ मध्ये कॅरिबियन समुद्रात लांब काट्यांचे सागरी साळू एका साथीत प्रचंड संख्येने मेले. ते दगडांवरील शेवाळ चरत असत. ते नाहीसे झाल्यावर, मासेमारीने आधीच माशांना मुकलेल्या जमैकाच्या प्रवाळभित्ती शेवाळाखाली गेल्या. चरणाऱ्याची जागा समुद्रातही रिकामी ठेवता येत नाही.

खरी जावक साधण्याचा एक जुना मार्ग शेवाळच दाखवते. १८४६ मध्ये ॲना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरील प्रवाळ लंडनला नेऊन जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते उघड्या खिडकीशी एका भांड्यातून दुसऱ्यात वारंवार ओतले जाई. पुढे त्यांनी त्यात सागरी शेवाळ ठेवले आणि पाणी ताजे राहण्यास त्याची मदत झाली. आजचे शौकीन हेच करतात. पेटीमागच्या वेगळ्या कप्प्यात, वेगळ्या दिव्याखाली, कीटोमॉर्फा नावाचे तारांच्या गुंत्यासारखे हिरवे शेवाळ वाढवतात आणि वरचेवर त्यातील मूठभर काढून टाकतात. त्या मुठीबरोबर नायट्रेट आणि फॉस्फेट खरोखर पेटीबाहेर जाते.

मात्र शिल्लक शून्यावर आणण्याचा हव्यासही बरा नव्हे. पोषण अगदीच संपले की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म जीव बुडबुड्यांचा तपकिरी चिकटा पसरवतात. त्यांतील काही विषारी असतात आणि ते हिरव्या तंतूंहून अधिक चिवट ठरतात.

त्या घरातील दगड स्वच्छ व्हायला दहा आठवडे लागले. मागच्या काचेवरचे हिरवे मुद्दाम राहू दिले आहे. नव्या गोगलगायी तेथे चरतात. मासा एकटाच आहे. दुसरा आणण्याचा विषय निघाला, तेव्हा मुलानेच वहीची आणखी काही पाने भरू द्यावीत असे सांगितले. दिवाळीनंतर सारे घर गावाला गेले, तेव्हा त्याने एकेका दिवसाचे खाद्य वेगळ्या पुडीत बांधून, पुड्यांवर तारखा घालून शेजारच्या काकूंच्या हाती दिले.