तिकडे उन्हाळा, इकडे पाऊस

सुट्टीत वाचायच्या परदेशी कादंबरीचा एक साचा ठरलेला असतो. सोळा-सतरा वर्षांची मुलगी उन्हाळ्यात परमुलखात जाते, तिथे तिला एक मुलगा भेटतो, कुणीतरी नाहीसं होतं आणि सुट्टी संपायच्या आत प्रेमाचा आणि रहस्याचा, दोन्हींचा उलगडा होतो. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या आमच्या भाच्या-पुतण्या असली पुस्तकं एका बैठकीत संपवतात. त्यांच्याकडून मागून आम्हीही वाचतो. वाचताना वाटत राहतं, अशी गोष्ट तर आमच्या लांज्याच्या मोहल्ल्यात घडून गेली. लिहिली मात्र कुणी नाही.

आम्हा मुलींच्या वाचनाची सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून झाली. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकायचा, सायकल दामटायचा आणि भल्याभल्या चोरांना पकडून द्यायचा. भागवतांनीच ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि मुंबई-गोवा महामार्गावरच्या आमच्या गावात बसून आम्ही साऱ्या जगाची सफर केली. मोठ्यांच्या उशाला बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असे. रहस्याला घरात कुणाची मनाई नव्हती. मनाई होती ती प्रेमाला. तसलं पुस्तक भूगोलाच्या वहीत लपवूनच वाचावं लागे.

परदेश मात्र पुस्तकात शोधावा लागला नाही. तो आमच्या घरातच होता. कुवेत, दोहा, दम्माम ही नावं आम्हाला नागपूर-औरंगाबादच्या आधी पाठ झाली. कुणाचे अब्बा तिकडे, कुणाचे मामू. हवाई टपालाचं पाकीट आलं, की पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाई. त्यामुळे मनातलं पत्रात लिहायची सोय नव्हती. ज्यांना ते बोलायचं असे, ते टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरून पाठवत आणि खासगी मजकूर दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी ठेवत. तिथपर्यंत घरची मंडळी ऐकायला थांबत नसत.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. तिकडे ऐन उन्हाळा, इकडे लांज्यात धो धो पाऊस. शेजारच्या आपाची मंगनी झाली होती आणि मुलगा कुवेतमध्ये होता. पत्र थांबलं, फोन लागेना. रात्री रेडिओभोवती मोहल्ला जमायचा. आपा दाराआड उभी राहून ऐकायची, कारण होणाऱ्या नवऱ्याची काळजी उघडपणे करायची रीत नव्हती. लोक वाळवंटातून जॉर्डन गाठताहेत, एवढंच कळत होतं. पुढे एअर इंडियाने 59 दिवसांत 488 फेऱ्या करून लाखाहून अधिक भारतीय अम्मानहून आणले. तो त्यांतलाच एक. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. मुंबईहून रात्रीच्या एस.टी.ने तो लांज्याला उतरला, तेव्हा हातात एकच पिशवी होती. कमावलेलं सगळं तिकडेच राहिलं होतं. पिशवीत कपड्यांबरोबर आपाची कॅसेट होती.

लग्न झालं. त्या दोन महिन्यांत वाटेत काय घडलं, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आपाने विचारलं नाही. परदेशी कादंबरीत शेवटच्या प्रकरणात सगळं उलगडतं. आमच्याकडे संसार झाला, मुलं मोठी झाली, रहस्य तसंच राहिलं.

हमीद दलवाईंच्या ‘इंधन’ने 1965 मध्ये कोकणातलं मुसलमान घर मराठी कादंबरीत आणलं. पण ती मोठ्यांची कादंबरी. घरात कोकणी बोली, मदरशात अरबी-उर्दू आणि शाळेत मराठी अशा तीन जिभांनी वाढणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीसाठी लिहिलेली मराठी प्रेमकथा किंवा रहस्यकथा आमच्या हाती आली नाही. आपलं घर पुस्तकात येण्याजोगं नाही, असंच आम्ही नकळत समजत गेलो. खरं तर प्रेम, परदेश, उन्हाळा आणि नाहीसं झालेलं माणूस, सगळं सामान आमच्याच ट्रंकांमध्ये पडून होतं.

आता आमच्या भाच्या सुट्टीत आईबापांकडे दोह्याला जातात. त्यांना कॅसेटची दुसरी बाजू लागत नाही, मनातलं त्या फोनवर थेट बोलतात. त्यांनी खुशाल प्रेमाच्या गोष्टी वाचाव्यात, आणि परत आल्यावर एक दुपार आपाजवळ बसावं. जे विचारायला आम्ही बिचकलो, ते त्यांनी विचारावं. तिने सांगितलं तर ते मराठीत लिहावं.