भिंतीवरचा गेरू

दहावी होऊन दोन वर्षं झाली होती आणि माझ्याइतकं वळणदार अक्षर गावात कुणाचं नव्हतं. त्यामुळं ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की आमच्या पॅनेलच्या भिंती माझ्याकडं यायच्या. गेरू, चुना, निळीचा डबा आणि काथ्याचा ब्रश. साल १९७९. समोरच्या पॅनेलचे पुढारी होते अण्णांचे थोरले चिरंजीव. अण्णा म्हणजे वरच्या आळीचे, खादीवाले, जन्मभर काँग्रेसचे. आमचं घर लाल बावट्याचं, शेतकरी कामगार पक्षाचं. आमच्याच पोरांपैकी कुणीतरी म्हणालं, "तुझा आज्जा लढाई मारून आला आणि ह्यांचा म्हातारा लढाईच्या भ्यानं जेलात जाऊन बसला. लिव्ह की हेच." मला ते एकदम पटलं. रात्री कंदील घेऊन गेलो आणि अण्णांच्या गोठ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं, 'लढाईला भिऊन जेलात बसले, ते गाव काय राखणार?' प्रश्नचिन्हसुद्धा झोकात काढलं होतं.

सकाळी आबांनी मला त्या भिंतीपुढं नेलं. आबा म्हणजे माझे आजोबा. पलटणीतून हवालदार होऊन आलेले. त्यांना बाळबोध धड वाचता यायचं नाही. पलटणीत रोमन लिपीतलं उर्दू शिकवायचे, तेवढंच त्यांचं शिक्षण. म्हणाले, "वाच."

मी मनात वाचल्यासारखं केलं.

"मोठ्यानं वाच. सगळ्या आळीला ऐकू जाऊ दे."

वाचलं. अण्णांची सून शेण काढत होती, ती हातातली पाटी घेऊन तशीच उभी राहिली. माझा आवाज निम्म्यातच बसला. आबांनी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं, अण्णा भ्याले म्हणून? तू हुतास काय चावडीत? मी हुतो."

आबा १९४० साली मराठा पलटणीत भरती झाले, बेळगावला. कारण विचारलं तर सरळ सांगायचे, जमीन गहाण होती. त्यात सातारा जिल्ह्यात फौजेची रीत जुनी. आमच्या भागातल्या अपशिंगे गावातले शेहेचाळीस लोक पहिल्या महायुद्धात गेले, त्या गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. तेव्हा फौजेत जाण्याला कुणी नावं ठेवत नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. १७ तारखेला पहिले विनोबा उभे राहिले, पवनारला. एकेकट्यानं उभं राहायचं, कुठं आणि कधी बोलणार हे सरकारला आधी कळवायचं, आणि इंग्रजांच्या लढाईला माणूस देऊ नका, पैसा देऊ नका, असं लोकांना सांगून शांतपणे अटक करून घ्यायची. देशभरातून वीस हजारांच्या वर लोक असे तुरुंगात गेले. आमच्या गावातून एकटे अण्णा.

अण्णा १९४१ च्या उन्हाळ्यात चावडीपुढं उभे राहिले, तेव्हा आबा नेमके रजेवर आलेले. पोरांनी आबांना सांगितलं, अण्णा तुमच्या वर्दीवर बोलणार आहेत. आबा वर्दी घालूनच गेले. मागं पिंपरणीखाली उभे राहिले. अण्णांनी त्यांना बघितलं आणि आवाज तसाच ठेवला. माणूस देऊ नका, म्हणाले. सगळं गाव मान वळवून आबांकडं बघायला लागलं. पोलीस अण्णांना घेऊन निघाले तेव्हा आबा आडवे गेले. लोकांना वाटलं, आता मारामारी होणार. आबांनी रामराम घातला आणि विचारलं, "अण्णा, हे माझ्यासाठी बोललात का?"

अण्णा म्हणाले, "तुमच्यासाठी न्हाई. पण तुम्हाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं बोललो."

आबा हे सांगताना दरवेळी हसायचे. म्हणायचे, "तोंडावर बोलला. भ्यालेला माणूस पाठीमागं बोलतो. रात्री कंदील घेऊन."

आबा पुढं इराकात गेले, तिथून इटलीत, आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये. सांग्रो नदी, सेनिओ नदी ही नावं आमच्या घरात कृष्णा आणि वसना या नावांसारखीच बोलली जायची. सेनिओच्या लढाईत नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते नगर जिल्ह्यातले, आबांच्याच बटालियनचे. आबा शौर्याचं फार सांगत नसत. चिखल किती, थंडी किती आणि ओली बूटपट्टी सोडताना कातडी कशी निघायची, हेच जास्त.

डिसेंबर १९४१ मध्ये सरकारनं सत्याग्रहींना सोडलं, अण्णा येरवड्याहून घरी आले. पुढं पत्री सरकारची पोरं रात्री-अपरात्री यायची. भाकरी देईन, बंदूक लपवणार नाही, असं अण्णांनी त्यांनाही सांगितलं होतं. म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाल्ली.

याच काळात आबांची मनिऑर्डर यायची. आज्जीचा अंगठा. अंगठ्याला साक्षीदाराची सही लागते आणि आळीत त्या वेळी लिहिणारे एकटे अण्णा. आज्जी सांगायची, पहिल्या वेळी अण्णा टाक हातात घेऊन कितीतरी वेळ बसले. पोस्टमन म्हणाला, "करता का सही? मला अजून दोन गावं करायचीत." अण्णांनी सही केली. आज्जीला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटतं, लढाईला पैसा देऊ नका म्हणून जेल भोगलेल्या माणसाला लढाईच्या पैशावर साक्ष करणं सोपं गेलं नसणार. पत्रंही तेच वाचून दाखवायचे, आणि ज्या पत्रात आबा मराठा पलटणीची बढाई मारत तीसुद्धा गाळत नसत.

मनिऑर्डरची पोच पाठवणाऱ्याकडं परत जायची. इटलीत आबांच्या हातात पोच पडली, शेजारच्या जवानानं खालची सही वाचली आणि आबांना कळलं की आपल्या घराला कोण आहे.

यानं दोघांचं जमलं असं कुणाला वाटेल, तर ते खोटं. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील आमच्याकडून लोकसभेवर गेले. तेव्हा आबा समितीची बैलगाडी हाकत होते आणि अण्णा बैलजोडीची मतं मागत दारोदार फिरत होते. वर्षभर एकमेकांच्या विहिरीवर पाय ठेवला नाही. लढाईवरून वाद तर कायमचा. आबा म्हणायचे, १९१८ ला तुमचे गांधीच खेड्यापाड्यांत फौजेला माणसं मागत फिरत होते खेडा जिल्ह्यात, ते कसं चाललं? अण्णा म्हणायचे, चाललं न्हाई, म्हणून तर पुढं सोडलं. मग अण्णा सांगायचे की विलायतेत ज्याचं मन लढाईला घेत नाही त्याला तिथलं सरकार लढायची सक्ती करत नव्हतं, त्याला आपलं मत उघड बोलायचीही मुभा होती. व्हाइसरॉयनं हे गांधींना पत्रात लिहून कळवलं. फक्त दुसऱ्याला लढू नको म्हणायचं नाही. "आणि मला तर तेच म्हणायचं हुतं!" आबा म्हणायचे, आपल्याकडं कुठं सक्ती होती? सगळे खुशीनं गेले. अण्णा म्हणायचे, "हवालदार, तुमची जमीन गहाण हुती. सावकार हाच भरतीवाला." यावर आबा गप्प बसायचे. मला वाटतं, हे एवढंच त्यांना पटलं होतं.

१९७० ला अण्णांचा धाकटा फौजेत जातो म्हणाला. मी दहा वर्षांचा होतो, मला आठवतंय. तो पहाटे पळायचा सराव करायला आबांकडं आला तर आबांनी आधी त्याला परत पाठवलं आणि स्वतः अण्णांच्या ओट्यावर गेले. "पोराला पळवू का?" अण्णा म्हणाले, "मी नको म्हणालो. तो जातो म्हणाला. माझ्या मनाविरुद्ध लढायला सरकारनं लावू नये म्हणणारा मी, त्याला त्याच्या मनाविरुद्ध घरी कसा बसवू? पळवा. पण मी आनंदानं पाठवतोय असं गावात सांगू नका." कोरेगाव स्टेशनवर दोघे म्हातारे गेले होते. आबांनी पोराला पेढा दिला. अण्णांनी दिला नाही.

हे सगळं आबांनी मला त्या भिंतीपुढं उभं करून सांगितलं असं नव्हे. त्यातलं निम्मं मला नंतर कळलं. त्या सकाळी ते एवढंच म्हणाले, "पूस."

गेरू पुसून जात नाही, मातीत मुरतो. मी पाणी मारलं, किसणीनं घासलं, आणखीच पसरलं. अण्णा काठी टेकत बाहेर आले. "राहू दे हवालदार. निवडणूक हाय. पोरं लिहायचीच."

"निवडणूक हाय म्हणूनच," आबा म्हणाले. "तुमच्या पोरानं सोसायटीचं खत कुणाला दिलं ते लिव्ह म्हणावं की. त्याला मी गेरू देतो."

अण्णा हसले आणि आत गेले. दुपारी त्यांच्याच घरून चुन्याचं घमेलं आलं, मी दोन हात मारले तेव्हा कुठं अक्षरं झाकली. आमच्या पॅनेलची माणसं माझ्यावर चिडली. आम्ही सहा मतांनी पडलो आणि दोन वर्षं मला ऐकून घ्यावं लागलं की ती भिंत राहिली असती तर आलो असतो. आला असतातही. आबांनी मत मात्र आमच्याच पॅनेलला दिलं होतं आणि ते अण्णांना जाऊन सांगितलंही होतं.

आबा १९९१ ला गेले. त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत पदकांच्या डबीखाली मनिऑर्डरच्या सात पोचा निघाल्या. आज्जीचा अंगठा, आणि खाली अण्णांची सही, ठसठशीत, पूर्ण नावासकट. गेल्या निवडणुकीत अण्णांचा नातू आमच्याविरुद्ध उभा होता. प्रचार संपल्यावर रात्री त्याला घरी बोलावलं आणि पोचा दाखवल्या. त्यानं सातही पोचांचे मोबाइलवर फोटो काढले, आज्जीच्या अंगठ्यावरून बोट फिरवलं. चहा घेतला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "काका, हे झकास झालं. पण सकाळी मत कुणाला देणार?"

"तुला न्हाई," मी म्हणालो.

"ठावं हाय," म्हणाला आणि चप्पल घालून गेला.