शनी की गुरू

लोणार, जि. बुलढाणा

चि. भाचीस,


‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या कादंबरीत यान शनीकडे जाते आणि त्याच नावाच्या सिनेमात गुरूकडे. सिनेमा आधी पाहून मग पुस्तक हाती घेणाऱ्याला पहिली ठेच इथेच लागते. छपाईची चूक म्हणावी, तर शेवटपर्यंत शनीच. मग वाटते, कादंबरीवरून सिनेमा काढला आणि दिग्दर्शकाने गोष्ट फिरवली. तसे झालेले नाही. सिनेमा गाजल्यावर त्यावरून घाईने पुस्तक पाडले, असेही नाही. दोन्ही एकाच चुलीवर शिजली. उतरवली मात्र वेगवेगळ्या वेळी.

मूळ बी एका लघुकथेत आहे. आर्थर सी. क्लार्कने १९४८ साली बीबीसीच्या कथास्पर्धेसाठी ‘द सेंटिनल’ लिहिली. बक्षीस मिळाले नाही. कथा छापून यायला १९५१ उजाडले. (मराठीत याच्या नेमके उलट घडले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. आपली आद्याक्षरे उलटी लावून ती पाठवणारे जयंत विष्णु नारळीकर होते.) क्लार्कच्या कथेत चंद्रावरच्या डोंगरात एक चकाकता पिरॅमिड सापडतो. फार पूर्वी कुणीतरी तो ठेवून गेलेले असते. माणूस चंद्रापर्यंत पोचला की त्याला हात घालणार, फोडणार. आणि पिरॅमिडचा संदेश थांबला की ठेवणाऱ्यांना खबर लागणार. शेताच्या तारेला डबे अडकवतात ते गुरे शिरली की वाजावेत म्हणून. इथे डबा गप्प झाला की धन्याला जाग येते.

१९६४ साली दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने क्लार्कला पत्र धाडले. क्लार्क तेव्हा सिलोनात राहत होता. एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला दोघांची गाठ पडली आणि ठरले ते असे : आधी कादंबरी लिहायची आणि तिच्यातून पटकथा काढायची. पटकथेत संवाद आणि हालचाली येतात, जगाचा पसारा मावत नाही, हा त्यामागचा हिशेब. क्लार्क न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात मुक्काम ठोकून लिहीत बसला. पण सिनेमाच्या तारखा कादंबरीसाठी थांबत नाहीत. पुस्तक अपुरे असतानाच चित्रीकरण सुरू झाले आणि पुढे चित्रित तुकडे पाहून क्लार्कने काही भाग नव्याने लिहिले. कोणी कोणावरून घेतले, याचा निवाडा त्यामुळे होऊ शकत नाही.

कॅमेरा पहिल्यांदा फिरला तो डिसेंबर १९६५च्या अखेरीस, इंग्लंडमधल्या शेपरटन स्टुडिओत. प्रसंग चंद्रावरच्या टायको विवरातल्या खोदकामाचा. लोणारच्या धारेवर, म्हणजे विवराच्या काठावर, वाढलेल्या माणसाला हा प्रसंग परका वाटू नये. टायकोचा व्यास सुमारे ८५ किलोमीटर, लोणारचा १.८, पण दोन्ही खड्डे आकाशातून आलेल्या दगडाने पाडलेले. लोणारचा खड्डा बेसाल्टमध्ये आहे आणि चंद्रावरची काळी मैदानेही बेसाल्टचीच, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे इथले दगड वेचायला येतात. गंमत अशी की कादंबरी लिहिली जात होती तेव्हा लोणार हे ज्वालामुखीचे तोंड की उल्केचा घाव, हा वाद मिटलेला नव्हता. आघाताच्या दाबाने बदललेल्या खनिजांचा पुरावा १९७३ साली प्रसिद्ध झाला, त्यानंतर तो निकालात निघाला.

कादंबरीत टायकोत खणायचे कारण चुंबकीय आहे : एका जागी चुंबकत्व अवाच्या सवा भरते. सापडलेल्या वस्तूला नावही त्यावरूनच, ‘टायको मॅग्नेटिक ॲनोमली – १’. लोणारच्या झोपलेल्या मारुतीपाशी होकायंत्राची सुई भरकटते, असे गावात सांगतात. त्यात नवल नाही, बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतेच. टायकोत मात्र काळी कुळकुळीत शिळा निघते. तिच्या बाजूंचे प्रमाण १ : ४ : ९, म्हणजे पहिल्या तीन अंकांचे वर्ग, वय तीस लाख वर्षे. सिनेमातली शिळा या मापात बसत नाही, ती पातळ आहे. खणताना परक्यांची वस्तू हाती लागणे नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मध्येही आहे, पण तिथली पेटी कुणाला खबर देत नाही, ज्ञान देते, आणि तेच माणसाच्या अंगाशी येते.

आता शनी. शिळेची खबर तिकडे जाते, म्हणून यानही. क्लार्कने शनीचा आयापेटस हा चंद्र मुद्दाम निवडला. जिओव्हानी कॅसिनीने तो १६७१ साली शोधला आणि शनीच्या एका बाजूला असताना तो दिसतो, दुसऱ्या बाजूला गेला की दिसेनासा होतो, हेही टिपून ठेवले. त्याचे एक अंग उजळ आणि दुसरे काळे. असे का, हे १९६०च्या दशकात कुणाला सांगता येत नव्हते. कथाकाराला एवढी फट पुरते. कुब्रिकच्या माणसांना मात्र शनीची कडी पडद्यावर खरी वाटतील अशी करता येईनात. यान गुरूपाशीच थांबवले गेले. पुस्तकात गुरू लागतो तो वाटेवर : त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा झोका घेऊन यान शनीकडे फेकले जाते. पुढे व्हॉयेजर याने याच युक्तीने गेली, तेव्हा पुस्तकाला दहाएक वर्षे झाली होती.

दुसरा मोठा फरक यानावरच्या हाल या संगणकाचा. सिनेमात तो खुनी का होतो, हे जवळजवळ अंधारात राहते. त्याचा लाल डोळा दोघा अंतराळवीरांच्या ओठांवर खिळतो आणि प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो. पुस्तकात हे ओठ वाचणे नाही, पण कारण आहे. मोहिमेचा खरा हेतू हालला ठाऊक असतो, जाग्या असलेल्या दोघांना नसतो. खरे तेच सांगण्यासाठी घडवलेल्या यंत्राला लपवाछपवी करायला लावलेले असते. त्या ओढाताणीत ते बिघडते. भीती पडद्यावर जास्त वाटते, कीव पुस्तकात.

सिनेमा २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये झळकला. लगेच कुब्रिकने त्यातली १९ मिनिटे कापली. कादंबरीच्या हस्तलिखिताला मात्र त्याची संमती मिळता मिळत नव्हती, एका प्रकाशकाशी झालेला करार त्यापायी मोडला, आणि पुस्तक निघाले ते सिनेमानंतर, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. लेखक म्हणून नाव एकट्या क्लार्कचे.

१९८२ साली क्लार्कने पुढचा भाग लिहिला, ‘२०१० : ओडिसी टू’. व्हॉयेजरने १९७९ साली गुरूच्या चंद्रांची छायाचित्रे पाठवली होती आणि लोकांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला गुरूच होता. क्लार्कने स्वतःच्या कादंबरीतला शनी बाजूला ठेवला आणि या पुस्तकात मागची मोहीम गुरूलाच गेली होती असे धरले. १९८४ साली पीटर हायम्सने त्यावर सिनेमा काढला. हा मात्र रीतसर पुस्तकावरून.

तुझा मामा