हिमनदीच्या जागची खाडी

अलास्काच्या आग्नेय भागातल्या ग्लेशिअर बेमध्ये आमची बोट शिरली, तेव्हा माझ्यापाशी दोन नकाशे होते. एक आजचा. त्यात ही खाडी डोंगरांच्या पोटात सुमारे ६५ मैल आत गेलेली. दुसरी, १७९४ सालच्या व्हँकुव्हरच्या मोहिमेतील नकाशाची नक्कल. तीत खाडीच नाही! किनाऱ्याला सुमारे पाच मैलांची खाच, आणि पुढे बर्फ.

कुणी म्हणेल, चुकला असेल बिचारा. मुळीच नाही. व्हँकुव्हर आजारी होता, म्हणून त्याचा अधिकारी जोसेफ व्हिडबी होड्या घेऊन हिमखंडांतून वाट काढीत इकडे आला. त्याने जे पाहिले तेच मांडले. १८७९ साली जॉन म्यूर त्लिंगित वाटाड्यांबरोबर होडीतून आला, तोही व्हँकुव्हरचाच नकाशा घेऊन. तोवर बर्फाची भिंत तीस मैलांहून अधिक मागे हटली होती!

या मंडळींत मला खरा भावला तो हॅरी फील्डिंग रीड. १८९० आणि १८९२ साली या प्राध्यापकाने येथे तळ ठोकून रीतसर मोजणी केली. त्याच्या आधी, १८८६ मध्ये, राइट नावाच्या गृहस्थांनी काठावरून बर्फाच्या सुळक्यांवर नेम धरून, म्यूर हिमनदी दिवसाला ७० फूट सरकते, असा हिशेब मांडला होता. रीडने बर्फावरच ओळीने निशाणे रोवली आणि त्यांची चाल मोजली. उत्तर आले सुमारे ७ फूट! भेगांनी फाटलेल्या त्या बर्फावर पाऊल टाकायचे म्हणजे काय, हे डेकवर चहा पीत दुर्बीण लावणाऱ्या आम्हांला काय कळणार?

पण या साऱ्यांहून जुना नकाशा कागदावर नव्हताच. तो हुना त्लिंगित लोकांच्या तोंडी होता. बर्फ येण्यापूर्वी याच खोऱ्यात त्यांची वस्ती होती. अठराव्या शतकात हिमनदी अंगावर चालून आली आणि त्यांना घरेदारे टाकून निघावे लागले. व्हिडबीला जेथे नुसता बर्फ दिसला, तेथे त्यांची गावे होती. बर्फ ओसरल्यावर ते मासे, सील, पक्ष्यांची अंडी यांसाठी परत येऊ लागले. खाडीला त्यांनी दिलेल्या नावाचा अर्थच 'हिमनदीच्या जागची खाडी'.

पुढे १९२५ साली हा संरक्षित प्रदेश झाला, आणि कालांतराने त्यांच्या शिकारीवर व अंडी वेचण्यावर बंदी आली. बर्फापाठोपाठ कायदा! अखेर २०१६ साली बार्टलेट कोव्हच्या काठी त्यांचे लाकडी कुलघर उभे राहिले. दर्शनी भिंतीवर त्यांच्या कुळांची चिन्हे आहेत. तेथे आमची बोट थांबली.