गुत्तीचा निळा कोळी

जर्मनीतल्या हामला सरपटणाऱ्या प्राण्यांचा, कोळ्यांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या टॅरंटुला पाळणाऱ्या दोस्तांना भेटायला निघालो, तर आत्या म्हणाली, ‘‘एवढं भाडं घालून कोळी बघायला? आपल्या माळ्यावर काय कमी आहेत?’’ तरीही पिशवीत शेंगाचटणी तिनंच भरली.

दोस्ताच्या खोलीत भिंतभर काचेच्या पेट्या. एकीत बुचाच्या सालीमागून पाय बाहेर आला: गडद निळा, सांध्यावर पिवळा. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही, केसांच्या सूक्ष्म रचनेचा! हात घालायचा नाही, हे त्यानं बजावलं. कोळी भलता चपळ, विषही जोरदार.

नावात चक्क गुत्ती. आपलं आंध्रातलं गुत्ती! मुंबई-चेन्नई मेल सोलापूर सोडून वाडी, रायचूर, गुंतकल करत तिथंच जाते. तिथल्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या नमुन्यावरून प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकनं 1899 साली याचं वर्णन केलं. लाकडांबरोबर आगगाडीनं आला असावा. मग सुमारे 100 वर्षं पत्ता नाही. थेट 2001 साली नंद्याळ-गिद्दलूरच्या जंगलात पुन्हा दिसला.

युरोपात त्याची पिलावळ घरोघर, आणि स्वतःच्या रानात तो अतिसंकटग्रस्त. राहायला जुन्या झाडांच्या ढोली लागतात, अन् नेमकी तीच झाडं तुटतात. मला हा हिशेब पटत नाही. 2019 पासून या कोळ्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. कुणी रानातून धरलेला कोळी विकायला आणला, तर घेऊ नका, वनखात्याला कळवा.