कण उधळतात तेव्हा

वाळू, धान्य, औषधांची भुकटी, खाणीतले खडक अशा सुट्या कणांच्या पदार्थांचे वर्तन संगणकावर पाहण्याची रुळलेली पद्धत म्हणजे डिस्क्रीट एलिमेंट मेथड, अर्थात डीईएम. पीटर कंडॉल आणि ऑटो स्ट्राक यांनी १९७९ मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. आज लॅम्प्स, लिग्स, येड यांसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये ती वापरता येते. तत्त्व सोपे आहे. प्रत्येक कणाचा माग स्वतंत्रपणे ठेवायचा, दोन कण टेकले की त्यांना एकमेकांत किंचित शिरू द्यायचे, या ओव्हरलॅपवरून बल काढायचे आणि न्यूटनच्या नियमाने पुढच्या क्षणाची जागा ठरवायची.

बिघाडाची बहुतेक मुळे या ओव्हरलॅपपाशीच सापडतात. अचानक कण चहूकडे उधळतात, भिंतीतून पार होतात किंवा त्यांची संख्याच घटते. अशा वेळी कण नेमके कधी उधळले हे आधी पाहावे. निम्मे निदान तिथेच होते.

पहिल्या काही पायऱ्यांतच स्फोट झाला, तर संशय कण पेरण्याच्या रीतीवर घ्यावा. २ मिलिमीटर व्यासाचे काचेचे दोन मणी सुरुवातीलाच एकमेकांत ०.१ मिलिमीटर शिरलेले ठेवले, तर हर्ट्झच्या सूत्रानुसार त्या संपर्कात सुमारे ०.०४४ ज्यूल ऊर्जा साठते. अवमंदन नसेल तर प्रत्येक मणी सेकंदाला सुमारे ६५ मीटर वेगाने सुटतो. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या चुकीचा हा परिणाम. म्हणून कण विरळ पेरून गुरुत्वाने खाली बसू द्यावेत किंवा लहान त्रिज्येचे पेरून हळूहळू फुगवावेत. लॅम्प्समध्ये एका पायरीत कण किती सरकू शकेल यावर मर्यादा घालता येते. ती सोय फक्त सुरुवातीचे ओव्हरलॅप निवळेपर्यंत वापरावी.

कण खाली बसताना, संपर्क दाट झाल्यावर उधळण सुरू झाली, तर टाइमस्टेप तपासावा. त्याची मर्यादा रॅले काळावरून, म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरून लहर पसरायला लागणाऱ्या काळावरून ठरते. हा काळ कणाच्या त्रिज्येच्या प्रमाणात आणि घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, तर ताठरतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. वरच्या मण्यांसाठी (यंग गुणांक ७० गिगापास्कल) तो जवळपास १ मायक्रोसेकंद येतो. व्यवहारात त्याच्या १० ते ३० टक्के घेतात. २० टक्के धरले तर एका सेकंदाच्या प्रवाहाला ५० लाख पायऱ्या लागतात. मिश्रणात सर्वांत लहान कण ज्या आकाराचा, त्याच्यावर ही मर्यादा ठरते. सरासरी व्यास घेऊन काढलेला टाइमस्टेप इथे हमखास दगा देतो.

खर्च वाचवण्यासाठी यंग गुणांक हजारपट कमी धरण्याचा प्रघात आहे. त्याने टाइमस्टेप सुमारे ३२ पट वाढतो. संथ प्रवाहात हे खपते, कारण तिथे घर्षण आणि कणांची रचना अधिक निर्णायक असते. मात्र सरासरी ओव्हरलॅप व्यासाच्या एक टक्क्याच्या आत राहतो का, हे पाहायलाच हवे. ध्वनीचा वेग, संपर्कातून वाहणारी उष्णता किंवा चिकट भुकटी यांचा अभ्यास असेल, तर ही सूट घेऊ नये किंवा संबंधित घटकांची दुरुस्ती करून मगच घ्यावी.

बराच वेळ सुरळीत चाललेले सिम्युलेशन मध्येच कोसळले, तर शेजाऱ्यांची यादी आणि भिंती पाहाव्यात. प्रत्येक पायरीला सगळ्या जोड्या तपासणे परवडत नाही, म्हणून जवळच्या कणांची यादी ठेवून ती अधूनमधून नवी केली जाते. वेगवान कण त्या दरम्यान यादीची हद्द ओलांडतो आणि टक्कर उशिरा, खोल ओव्हरलॅपनंतर नोंदली जाते. लॅम्प्स रनच्या शेवटी ‘डेंजरस बिल्ड्स’ हा आकडा छापते. तो शून्य नसेल तर यादी लवकर नवी करावी किंवा तिची हद्द वाढवावी. भिंतींच्या जाळीत दुबार त्रिकोण असले, तर तेच बल दोनदा मोजले जाऊ शकते. शिवाय एसटीएल फाइलमध्ये एकक लिहिलेले नसते. मिलिमीटरमध्ये काढलेले हॉपर मीटर समजून वाचले, तर ते हजारपट मोठे होते.

कारण हाती लागत नसेल तर गर्दी सोडून एका कणाकडे यावे. तो १ मीटरवरून सपाट भिंतीवर सोडावा. प्रत्यास्थापन गुणांक ०.५ असेल तर उसळी २५ सेंटिमीटर यायला हवी. मग अवमंदन आणि घर्षण बंद करून दोन कणांची टक्कर घडवावी. टकरीआधीची आणि नंतरची एकूण ऊर्जा सारखी राहिली पाहिजे. ती वाढत असेल तर दोष टाइमस्टेपमध्ये किंवा बलाच्या सूत्रात आहे.

हरवलेल्या कणांकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञा देणे आणि कारण न शोधता अवमंदन वाढवत नेणे, हे दोन उपाय ठामपणे टाळावेत. पहिल्याने वस्तुमानाचा हिशोब बिघडतो, दुसऱ्याने भौतिकीच बदलते. दुरुस्तीनंतर तेच सिम्युलेशन निम्म्या टाइमस्टेपने पुन्हा चालवावे. एकेका कणाचा मार्ग वेगळा निघेल, कारण असंख्य टकरींत बारीक फरकही झपाट्याने वाढतो. हॉपरमधून पडण्याचा दर आणि ढिगाचा उताराचा कोन मात्र जुळले पाहिजेत.